झोळीची दोरी

रंगून पाहून आलेली बाई म्हणून आमच्या भागात मी बरीच वर्षं मिरवले. लग्नाकार्यात बायका मला मध्ये बसवायच्या आणि विचारायच्या, काय काय बघितलंस गो? मी सांगायची, सोन्याचा कळस बघितला, मोठा बाजार बघितला. एवढं सांगून मी दुसरा विषय काढायची. बायकांना वाटायचं, परदेशी जाऊन आली म्हणून शिष्ट झाली. शिष्ट मी मुळातच होते, त्याला रंगूनला जायची गरज नव्हती. पण गप्प बसायचं कारण वेगळं होतं. ते शहर मी एकाच दिवशी, एकटीने, पायी पाहिलं, आणि तो दिवस आठवला की अजून माझे हात गार पडतात.

माझं माहेर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. सासर मुरबाडकडचं. आमचे हे कल्याणला भाताच्या एका गिरणीत इंजिनाला तेल घालायच्या कामावर होते. गिरणीच्या शेठच्या भावाची रंगूनला मोठी गिरणी होती. तिथे माणूस हवा होता, म्हणून यांना तिकडे नेलं. मुलगा तीन महिन्यांचा झाला तेव्हा हे येऊन आम्हा दोघांना घेऊन गेले. सासूबाई आठ दिवस आधीपासून रडत होत्या. मी नव्हते रडत. मला जायचंच होतं.

आगबोट नदीत शिरली तेव्हा यांनी मला कठड्याशी नेलं आणि लांब झाडांच्या वर चमकणारा कळस दाखवला. म्हणाले, "सोन्याचा हाय."

मी म्हटलं, "थापा नका मारू."

"अगो, खरंच. खालपासून वरपर्यंत सोनं."

आमची खोली शहराच्या उगवतीच्या टोकाला, खाडीजवळच्या एका गल्लीत होती. गिरण्या सगळ्या खाडीलगतच. पोचल्यावर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी मावळतीकडे पाहिलं, तर घरांच्या वर तोच सोन्याचा कळस. मला फार धीर आला. आमच्याकडे पोरी पहिल्यांदा रानात लाकडाला जातात तेव्हा त्यांना एकच गोष्ट बजावून सांगतात. जाताना माहुलीच्या डोंगराचे सुळके ज्या खांद्याला, येताना त्याच्या उलट्या खांद्याला ठेवायचे. सुळके दिसतात तोवर माणूस हरवत नाही. या परक्या गावातही मला माझी माहुली मिळाली, असं मी स्वतःला सांगितलं आणि निर्धास्त झाले.

खोली एकच, तिला खिडकी नाही. उजेड काय तो दारातून. म्हणून मी तांदूळ निवडायला, भाजी चिरायला दारात बसायची, आणि झोळी मागे आढ्याला टांगलेली. झोळीची दोरी मी आमच्याकडच्या रीतीने चांगली लांब ठेवली होती. लावणीच्या दिवसांत बाई पोराची झोळी बांधावरच्या झाडाला बांधते, दोरीचं टोक कमरेला खोचते आणि खाचरात वाकून रोपं लावत जाते. पोर हललं की तिथूनच एक हिसका द्यायचा. दहा पावलांच्या खोलीत तेवढी दोरी म्हणजे सगळी जमीन दोरीनेच भरलेली. कामावरून आल्यावर यांचा पाय रोज तिच्यात अडकायचा.

"ही काय लावणी हाय? आखूड कर ती."

"पोर माझा, दोरी माझी. तुमी खाली बघून चाला."

यावर आमचं रोज वाजायचं. मी काही ती दोरी आखूड केली नाही.

शेजारच्या खोलीत एक बर्मी म्हातारी एकटी राहायची. गालांना पिवळट लेप, तोंडात मक्याच्या कणसाएवढी जाड चिरूट, आणि नजर अशी की आरपार जाईल. माझं पोर गोरं, गुटगुटीत. ती दारावरून जाताना थांबून त्याच्याकडे टक लावून बघायची आणि काहीतरी पुटपुटायची. मी लगेच पदर आडवा धरायची. रोज मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. यांना सांगितलं तर हे हसले, पण दुसऱ्याच दिवशी एक भक्कम पितळी कुलूप घेऊन आले. त्याला कारण म्हातारी नव्हती. काही वर्षांपूर्वी तिथल्या लोकांच्या आणि आपल्याकडच्यांच्या मारामाऱ्या झाल्या होत्या, ते गिरणीतल्या लोकांनी यांच्या मनात भरवून दिलेलं. मला म्हणाले, नळावर गेलीस तरी कुलूप लावून जा. माझ्या जन्मात मी दाराला कुलूप पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कडी घातली तरी लोक विचारतात, कोण आजारी आहे का.

दोन महिने असे गेले. यांनी एका कागदावर मला शहर काढून दिलं होतं. कळस, बाजार, नदीचा धक्का. लिहिता येत नव्हतं, पण चित्रं झकास काढायचे. येत्या सुट्टीला दाखवतो म्हणायचे, आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तेवढ्यात लढाई जवळ येतेय अशी बोलवा सुरू झाली. गिरणीवाले आपापल्या बायकापोरांना गावी पाठवू लागले. यांनीही सांगितलं, आठ दिवसांनी बोट आहे, तू पोराला घेऊन पुढे जा.

म्हणजे मी रंगूनहून परत जाणार, आणि मी पाहिलं काय तर एक नळ आणि एक म्हातारी. त्या दिवशी हे कामावर गेल्यावर माझं डोकं असं काही भडकलं की मी कागद काढला, पोराला दोन्ही अंगाला पोटभर पाजलं आणि झोळीत घातलं. दुपारच्या वेळी तो दोन-अडीच तास हलायचा नाही. तेवढ्यात मी जाऊन येणार होते. गावी आपण निजलेलं पोर घरात ठेवून शेतावर जातोच. पण गावी दार उघडं असतं आणि जाणारं-येणारं कोणीही आत येऊन झोळीला झोका देतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. दोरीचं टोक नेहमीच्या सवयीने दाराशी टाकलं. बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. म्हातारी तिच्या दारात चिरूट ओढत बसली होती. तिच्याकडे न बघता मी किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली आणि निघाले.

कळस नाकासमोर ठेवून चालत राहिले. रस्ते आखल्यासारखे सरळ, आणि प्रत्येक गल्ली मागच्या गल्लीची जुळी बहीण. पण मला गल्ल्यांशी काय करायचं होतं? मी वर बघून चालत होते. कळसाच्या पायाशी पोचले तर देवळाभोवती दुकानं, चारी बाजूंनी ट्राम, माणसांनी ओढायच्या रिक्षा. देऊळ बोटीवरून वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं, पण लांबून सगळंच मोठं वाटतं असं म्हणून मी हात जोडले. तिथून बाजार. छपराखाली अख्खं गाव मावेल एवढा. रेशमी छत्र्या, लाखेचे डबे, केसांत ताजी फुलं माळलेल्या बायका, आणि कोणी कोणाच्या अंगावर ओरडत नाही. एका बाईने मला एक फूल दिलं. मी ते अंबाड्यात खोचलं आणि मनात शेणव्याच्या बायकांना सांगायला सुरुवातही केली.

तेवढ्यात छातीत कळ आली. दूध भरून आलं होतं. बाळंतिणीला घड्याळ लागत नाही. मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ झाला होता.

मी घाईने बाजारातून बाहेर पडले, ते दुसऱ्याच दारातून. तरी घाबरले नाही. वर पाहिलं, आणि झाडांच्या वर कळस दिसला. चला, आधी कळसाशी जायचं, तिथून पाठ करायची की घर. मी झपाझप निघाले. आगगाडीच्या रुळांवरचा पूल ओलांडला. येताना पूल लागला नव्हता, हे मला कळलं होतं, पण कळस समोर होता ना. रानात वाट चुकते, सुळका चुकत नाही. घरं विरळ झाली, बागा लागल्या. चालावं तेवढा कळस मोठा होत होता. मघाशी हात जोडले त्याच्या दुप्पट झाला, तिप्पट झाला. माझी चोळी भिजून पदराला लागली. मी पळायला लागले, आणि ज्याच्याकडे पळत होते त्याचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटी रस्ता संपला तिथे दोन पांढरे सिंह बसले होते, आमच्या घराच्या दुप्पट उंचीचे, आ वासून. त्यांच्या मागे पायऱ्या, आणि वर टेकडीवर आभाळाला टेकलेलं सोनं. मी हे कधीही पाहिलेलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की या गावात दोन कळस आहेत, आणि यांच्या कागदावर एकच होता. बोटीतून पाहिला तो हा. गल्लीतून रोज पाहायची तो दुसराच. आणि माझं पोर पितळी कुलपाच्या आत आहे, आणि त्या कुलपाची किल्ली जगात फक्त माझ्या गळ्यात आहे.

त्या वेळी जी भीती वाटली तशी त्याआधी कधी वाटली नव्हती. एक हिंदुस्थानी माळी दिसला, त्याला धरून मी "गिरणी, गिरणी" म्हणत राहिले. त्याने विचारलं, कितवी गल्ली? तिथल्या गल्ल्यांना नुसते आकडे. मला आकडा ठाऊक नव्हता. मी दोन महिन्यांत विचारलाच नव्हता, कारण मला कळस होता. आता पोर उठलं असेल. आता रडत असेल. आता रडून रडून घसा बसला असेल. झोळीतून पाय बाहेर काढायला तो नुकताच शिकला होता, तेही मला तेव्हाच आठवायचं होतं.

आणि त्याच वेळी भोंगा वाजला. गिरणीचा नाही, लढाईचा. विमानं आली तर काय करायचं त्याची त्या दिवसांत अधूनमधून तालीम घेत, पण मला ते ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. मला वाटलं खरंच विमानं आली. दंडाला फडकं बांधलेल्या एका माणसाने मला दंडाला धरून झाडांखालच्या चरात ढकललं. तिथे दहा-बारा माणसं उकिडवी बसलेली. मी उठले की तो काठीने खाली बस म्हणायचा. मी दोनदा उठले. तिसऱ्यांदा माझ्याने उठवलं नाही. शेजारची एक पोर हसत होती, तिच्या दृष्टीने ती गंमतच होती. मी तिथे मातीत बसून आमच्या सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि कबूल केलं की माझ्या रागाची शिक्षा मला करा, त्याला नको.

दुसरा भोंगा झाला, माणसं उठली, आणि मला सुचलं की रानात पार चकवा लागला तर माणूस उंचावर चढतो. मी त्या पायऱ्या चढले. दोन्ही बाजूंना फुलांची, उदबत्त्यांची दुकानं, मला त्यातलं काही दिसलं नाही. वर पोचले तर सोनंच सोनं, घंटा, मूर्तींवर पाणी घालणाऱ्या बायका. लोक समुद्र ओलांडून जे पाहायला येतात त्याच्याकडे मी पाठ केली आणि कठड्याशी धावले. खाली सगळं शहर पसरलेलं. लांब नदी, नदीच्या अलीकडे माझा छोटा कळस, आणि त्याच्या डाव्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, गिरण्यांची धुराडी. धूर निघत होता. मी त्या धुराकडे बोट धरून उभी राहिले, लहान पोर धरतं तसं, आणि बोट खाली न करता पायऱ्या उतरले.

परतीची वाट मला आठवत नाही. छोटा कळस उजव्या खांद्याला होता आणि समोर धुराडी, एवढंच. एकदा पडले, गुडघा फुटला. अंबाड्यातलं फूल कुठे गेलं कोण जाणे.

गल्लीत शिरले तर कसलाच आवाज नव्हता. वाटभर मी त्याच्या रडण्याला भ्याले होते. आता ते ऐकू आलं असतं तर मी रस्त्यावर लोटांगण घातलं असतं. बोळातून आमच्या दाराकडे वळले. दाराला कुलूप तसंच. आणि दारासमोर, फरशीवर, म्हातारी पाय पसरून बसलेली. तिच्या बाजूला चिरूट विझून पडली होती. म्हातारीच्या हातात काहीतरी होतं आणि तिचा हात पुढे-मागे, पुढे-मागे हलत होता. ती बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

जवळ गेले तेव्हा दिसलं. तिच्या हातात दोरी होती. माझ्या झोळीची दोरी. दाराखालच्या फटीतून एक लांब काडी घालून तिने दोरीचं टोक बाहेर ओढून घेतलं होतं, आणि बाहेर बसून आतल्या पोराला झोका देत होती. किती वेळ, ते तिच्या हाताकडे पाहून कळत होतं. तळहात लाल झाला होता.

मला पाहून ती उठली. दोरी माझ्या हातात दिली आणि माझ्या थोबाडीत मारली. माझ्या आईने मला कधी मारलं नव्हतं. माझ्या हातून कुलूप उघडेना, तेव्हा तिनेच माझ्या पोतीतली किल्ली धरून, माझी मान खाली ओढून, ते उघडलं.

पोर झोपलं होतं. गालांवर वाळलेले ओघळ, मूठ तोंडात. मी त्याला उचललं तर झोपेतच छातीला लागलं. म्हातारी दारात उभी राहून बघत होती, टक लावून, नेहमीसारखीच. मी पदर आडवा धरला नाही.

हे घरी आले तेव्हा गुडघा नळावर पडून फुटला असं मी सांगितलं. हे हो म्हणाले. जेवले, आणि पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कुलूप सापडेना. मी शोधायचं नाटक केलं, मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. निघायच्या दिवशी मी म्हातारीच्या पाया पडले. तिने पोराच्या गालांना तिचा तो पिवळा लेप लावला. बोटीवर तो वाळून गळेपर्यंत मी पुसला नाही.

मी मुरबाडला पोचले आणि थोड्याच दिवसांत रंगूनवर बॉम्ब पडल्याची बातमी आली. हे त्यानंतर महिन्याने, नुसता हाडांचा सापळा होऊन आले. खाडीकडच्या गल्ल्या राहिल्या नाहीत म्हणाले. म्हातारीचं विचारलं, तर मान हलवली. त्यापुढे रंगून आमच्या घरात कोणी काढलं नाही. बायकांनी विचारलं की मी सांगायची, सोन्याचा कळस बघितला.

त्यानंतर तीन-चार वर्षांची गोष्ट. मुलगी झाली होती. भात कापणीला आलं होतं आणि हे बांधावरच्या ऐनाच्या झाडाला तिची झोळी बांधत होते. मुलगा खालच्या खाचरात टोळ पकडत होता. त्याच्या पाठीकडे बघता बघता मला आतून काहीतरी अनावर झालं आणि मी तिथेच, विळा हातात धरून, यांना सगळं सांगून टाकलं. राग, कुलूप, दोन कळस, थोबाडीत. आता हे काय म्हणतील याची मला त्या पायऱ्यांपाशी वाटली तेवढीच भीती वाटत होती.

हे दोरीला गाठ मारत होते. मान वर केली नाही.

"ठाव हाय मला. म्हातारीनं त्याच सांजेला मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलान. कुलूप फोडलं त चोर म्हनतील, म्हनून तिनं हात लावला नाय त्याला."

मी विचारलं, "मंग तुमी बोलला का नाय?"

"काय बोलू? कुलूप मीच आनलेलं. रातचं खाडीत टाकून आलो."

गाठ पक्की झाली. यांनी दोरीचा वेढा सोडला आणि ती ओढत ओढत माझ्यापर्यंत आणली. मी कापायला उभी होते तिथवर पोचून वर हातभर उरली. ती कापून टाकावी म्हणून मी विळा पुढे केला, तर यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "तिथं आखूड केली नायस, बरं झालं."